३००बीला ड्रायव्हर कुठला? आठ वॅटचा अ‍ॅम्प साडेचार वॅटलाच दमायचा त्याची पूर्ण केस

डोंबिवलीचे एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले, रेडिओ दुरुस्तीचा नाद कॉलेजपासूनचा. दोन वर्षं खपून त्यांनी ३००बी नावाच्या व्हॉल्वचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातली काचेची नळी) सिंगल एंडेड, म्हणजे दर चॅनेलला शेवटी एकच व्हॉल्व असलेला, स्टिरिओ अ‍ॅम्प बांधला. सागवानी चौकट, वर अ‍ॅल्युमिनियमची जाड प्लेट, आणि खालचं वायरिंग इतकं देखणं की अ‍ॅम्प उलटा करून शोकेसमधे ठेवावा. आणि एवढं सगळं झाल्यावर काकूंचं म्हणणं काय, तर "जुना ट्रान्झिस्टरवालाच बरा होता हो."

काकूंचा कान चुकत नव्हता. हळू आवाजात अ‍ॅम्प गोड वाजायचा, अगदी हवाहवासा, पण आवाज जरा वाढवला की तबल्याची थाप फुसकी व्हायची आणि गाणारा तार सप्तकात गेला की आवाज घशातून काढल्यासारखा चिरका यायचा. स्पीकर काही अवघड नव्हते, आठ ओमचे साधेच, खोली दहा बाय बाराची. तिथे आठ वॅट भरपूर झाले.

मी जायच्या आधी काकांना सल्ले भरपूर मिळाले होते. कुणी म्हणालं कपलिंग कपॅसिटर (एका स्टेजचा सिग्नल पुढच्या स्टेजला देणारे, डीसी अडवणारे) बदला, ते त्यांनी बदलले, महागातले घातले. कुणी म्हणालं ३००बी चायनीज आहे म्हणून असं होतं, मग दुसरी जोडी उसनी आणून लावून बघितली, फरक शून्य. ड्रायव्हरबद्दल, म्हणजे ३००बीच्या आधी बसून त्याला सिग्नल मोठा करून देणाऱ्या व्हॉल्वबद्दल, मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता, कारण ड्रायव्हरला होता ईसीसी८३, तोही बेलचा, म्हणजे बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने फिलिप्सच्या सहकार्याने जे व्हॉल्व बनवले त्यातला, जुन्या रेडिओवाल्याकडून मिळालेला, डब्यासकट. त्याच्यावर संशय घ्यायचा म्हणजे घरच्या देवावर संशय घेतल्यासारखं.

तर एका रविवारी स्कोप (वेव्हचा आकार पडद्यावर दाखवणारा), सिग्नल जनरेटर, स्पीकरच्या जागी लावायचा आठ ओमचा पन्नास वॅटचा रेझिस्टर म्हणजे डमी लोड आणि दोन मल्टिमीटर पिशवीत घालून मी पुण्याहून कल्याण आणि तिथून लोकलने डोंबिवली गाठलं.

व्हॉल्वमधे तापलेल्या फिलामेंट किंवा कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉन जातात आणि मधलं ग्रिड तो करंट कमी-जास्त करतं, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं कळेल. आधी डीसी व्होल्टेज बघितली. मेन सप्लाय ४४० व्होल्टच्या आसपास, ३००बीच्या प्लेट आणि फिलामेंटमधे ३५०, कॅथोड रेझिस्टर १२०० ओम आणि त्याच्यावर ७४ व्होल्ट, म्हणजे करंट ६० मिलिअँपच्या जवळ. पुस्तकात बघून काढावं तसं. आउटपुट ट्रान्सफॉर्मर साडेतीन के (के म्हणजे हजार ओम) ते आठ ओम. इथे सगळं बिनचूक होतं, ३००बीवाल्या भागात काकांनी काहीच चुकवलेलं नव्हतं.

मग ड्रायव्हर. दर चॅनेलला एक ईसीसी८३, एका काचेत दोन व्हॉल्व असलेला, त्याचा अर्धाच भाग वापरलेला, प्लेटला १०० के, कॅथोडला दीड के आणि त्याच्यावर बायपास कपॅसिटर, सप्लाय ३०० व्होल्ट. हे आकडे बघितल्यावर मला हसू आलं, कारण १०० के आणि दीड के ही गिटार अ‍ॅम्पच्या पहिल्या स्टेजची अगदी ठरलेली जोडी आहे, जगातल्या निम्म्या गिटार अ‍ॅम्पमधे तीच सापडेल. काकांनी एका डायग्रॅममधून ती जशीच्या तशी उचलली होती. गिटारच्या पिकअपचे चिमूटभर मिलिव्होल्ट मोठे करायला ही स्टेज झकास आहे, पण ३००बी हलवायला?

डमी लोड लावला, एक किलोहर्ट्झची साइन वेव्ह दिली आणि हळूहळू वाढवत नेली. डमी लोडवर ६ व्होल्टपर्यंत आलो, म्हणजे साडेचार वॅट, आणि वेव्हच्या एका बाजूचं डोकं चेपायला लागलं. अजून वाढवलं की ती बाजू सपाट, दुसरी बाजू टोकदार. आठ वॅटला ८ व्होल्ट यायला पाहिजेत. तिथवर जायच्या आत गाडी दमली.

आता प्रोब दहा पटीवर ठेवून ३००बीच्या ग्रिडवर नेला. सेल्फ बायस (कॅथोड रेझिस्टरवरचे ते ७४ व्होल्टच ग्रिडला फिलामेंटपेक्षा तेवढं खाली ठेवतात) असल्यामुळे ग्रिडवर डीसी शून्य असतं म्हणून ही त्यातल्या त्यात निर्धास्त जागा, पण तीन नंबरची पिन ग्रिड आणि शेजारच्या दोन नंबरवर प्लेटचे सव्वाचारशे व्होल्ट, त्यामुळे अ‍ॅम्प बंद करून, कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री करून मगच क्लिप लावायची आणि चालू केल्यावर हात लांब. काका म्हणाले "अरे मी चालू असतानाच लावतो." म्हटलं काका, माझ्यासमोर नको.

ग्रिडवर वेव्हची वरची बाजू चेपलेली दिसली. काका लगेच म्हणाले, "बघ, ग्रिड करंट! ३००बीच दोषी." आणि इथेच बरेच जण फसतात, मीही पूर्वी फसलोय. ३००बीचं ग्रिड शून्याच्या वर गेलं की करंट खायला लागतं आणि वरचं डोकं चेपतं हे खरं. पण ड्रायव्हर व्हॉल्व कट ऑफ झाला, म्हणजे त्यातला करंट बंद पडला, तरी त्याची प्लेट वर जायची थांबते आणि ग्रिडवर दिसणारं चित्र अगदी तेच, वरचं डोकं चेपलेलं. दोघांत फरक ओळखायचा तो व्होल्टवरून. बायस ७४ व्होल्ट आहे म्हणजे ग्रिड करंट सुरू व्हायला वेव्हचं टोक ७४च्या आसपास जायला हवं. आमचं टोक ५५लाच चेपायला लागलं होतं. ३००बीची अजून १९ व्होल्टांची भूक शिल्लक, ताटात वाढायला वाढपीच नाही.

काका गप्प बसले. मग म्हणाले, "पण ८३चा गेन तर भरपूर आहे रे." बरोबर आहे, सगळं तिथेच अडलंय. गेन भरपूर आहे, गेन म्हणजे किती पट मोठं करणार, पण शेवटी किती व्होल्टपर्यंत नेऊ शकणार हा प्रश्न वेगळा.

वही काढली. ३००बी हा १९३८चा वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ट्रायोड, त्याचा म्यू (जास्तीत जास्त किती पट मोठं करू शकेल तो आकडा) फक्त ३.८५, म्हणजे स्वतः जवळपास काही मोठं करत नाही, जे काही करायचं ते त्याच्या आधीच्या व्हॉल्वने. पूर्ण आउटपुटला त्याच्या ग्रिडला वर ७४ आणि खाली ७४, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत १४८ व्होल्ट लागतात. ईएल८४ला दहा-बारा व्होल्ट टोक दिलं की तो खूष. म्हणून ईएल८४च्या अ‍ॅम्पमधे छान वाजणारा ड्रायव्हर ३००बीमधे नापास होऊ शकतो आणि त्यात त्या व्हॉल्वचा काही दोष नसतो.

आता ईसीसी८३ त्या जागी एक मिलिअँपवर बसलेला, प्लेट २०० व्होल्टच्या आसपास. डीसीला लोड १०० के दिसतो पण सिग्नलला तेवढा दिसत नाही, कारण कपलिंग कपॅसिटरच्या पलीकडे ३००बीचा २२० केचा ग्रिड रेझिस्टर आहे आणि तो समांतर येतो. १०० के आणि २२० के समांतर म्हणजे ६९ के. प्लेट वर जाते ती व्हॉल्वमधला करंट कमी होत गेल्यामुळे, आणि करंट कमी होऊन होऊन शून्याच्या खाली तर जाणार नाही. म्हणजे वर जायची कमाल मर्यादा एक मिलिअँप गुणिले ६९ के, ६९ व्होल्ट. ७४ हवेत आणि छताची उंचीच ६९. त्यात छताजवळ जाताजाता व्हॉल्वचे कर्व्ह (व्होल्ट आणि करंटचे आलेख) वाकतात म्हणून ५५लाच डोकं आपटतं. हा गुणाकार काकांनी स्वतः पुन्हा एकदा केला, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "कपॅसिटरला घातलेल्या पैशांत काकूला साडी आली असती."

या हिशोबात अजून एक गोष्ट लपलेली असते. लोक म्हणतात व्हॉल्वचं ग्रिड काही खात नाही. डीसीला खात नाही, पण त्याला कपॅसिटन्स आहे. ३००बीमधे ग्रिड ते प्लेट १५ पिकोफॅरड, ग्रिड ते फिलामेंट ९. प्लेट उलट्या दिशेने सव्वातीन पट हलते म्हणून मिलर इफेक्टने ते १५ चार पटीहून जास्त होऊन ६३ होतात, अधिक ९, म्हणजे ७२, त्यात सॉकेट आणि वायरचे धरून ८५ म्हणू. हा ८५ पिकोफॅरडचा डबा दर सायकलला भरायचा आणि रिकामा करायचा. ईसीसी८३चा आउटपुट इम्पिडन्स त्या जागी ३३ केच्या आसपास, म्हणजे वरचा कट ऑफ (जिथून वरचे सूर कमी व्हायला लागतात) ५७ किलोहर्ट्झला. हे ऐकून काका सुखावले, पण २० किलोहर्ट्झला पूर्ण ७४ व्होल्ट न्यायचे तर त्या डब्यालाच पाऊण मिलिअँपच्या वर करंट लागतो आणि आपल्याकडे सगळा मिळून एक. गाण्यात २० किलोहर्ट्झला एवढा जोर कधी नसतो हे मान्य, त्यामुळे मिलरला इथे मी मुख्य आरोपी करणार नाही, तो फार तर साथीदार. "३००बीला मिलर मारतो" असं जे सरसकट बोललं जातं ते मला तरी जरा वाढवून सांगितलेलं वाटतं, खरा मार बसतो तो स्विंगचा, म्हणजे व्होल्ट किती वरखाली नेता येतात त्याचा.

चहा झाला. काकांच्या डब्यात ईसीसी८१ पडलेला होता. ८३ आणि ८१च्या पिना एकच, हीटर तोच, म्हणून काका म्हणाले नुसता बदलून बघू. बघितला. आणि गंमत म्हणजे सुधारलं. ८१ त्याच रेझिस्टरवर दीड मिलिअँपच्या आसपास बसतो, त्यामुळे छत वर गेलं, सहा वॅटच्या पुढे गेलो. काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं, "आता काय केलंत?" पण स्कोपवर नीट बघितलं तर वेव्हचं वरचं पोट आणि खालचं पोट सारखं दिसत नव्हतं, एक गोल एक निमुळतं. दीड मिलिअँपला ८१चे कर्व्ह भलतेच वाकडे असतात, त्याला जरा खायला घातलं पाहिजे. व्हॉल्व नुसते खोचून खोचून बघायचा जो छंद आहे, ट्यूब रोलिंग, त्यात हेच होतं, दोन वेगळ्या व्हॉल्वना एकाच मापाचा सदरा घालायचा आणि मग कोण रुबाबदार दिसतो ते ठरवायचं.

म्हणून ८१ला त्याच्या मापाने कागदावर शिवून बघितलं. सप्लाय ४००, प्लेट रेझिस्टर ३३ के, करंट साडेचार मिलिअँप. सिग्नलला लोड २९ के, छत १२९ व्होल्ट, गेन ३५च्या पुढे, म्हणजे डॅकच्या (डिजिटल गाण्याचा सिग्नल करून देणारा डबा) दोन व्होल्टमधे अ‍ॅम्प पूर्ण चालतो, एकाच स्टेजमधे काम होतं. फारच मोहाची गोष्ट. ग्रिडला वरखाली दोन-दोन व्होल्ट जावं लागतं आणि बायस तीनच्या आसपास, म्हणजे एकीकडे एक व्होल्टपर्यंत आणि दुसरीकडे पाचपर्यंत, त्या पाचच्या बाजूला ८१ आळसावतो. सेकंड हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची भेसळ, वाढतो. काही लोक मुद्दाम असंच करतात कारण ड्रायव्हरचा आणि ३००बीचा सेकंड हार्मोनिक उलट्या फेजमधे येऊन थोडाफार एकमेकांना खातो, आणि ते खरंही आहे, पण ते जमतं एका ठरावीक लोडला आणि एका ठरावीक पातळीला, स्पीकरचा इम्पिडन्स तर फ्रिक्वेन्सीप्रमाणे वरखाली नाचत असतो. मला हा जुगार आवडत नाही. ज्याला एकच व्हॉल्व बसवायचीच जागा आहे त्याने जरूर करावा.

बाकीचे उमेदवार झटपट निकालात निघाले. ईसीसी८८ची प्लेट १३० व्होल्टपर्यंतच चालते, तिथून १४८ व्होल्टांचा झोका घेणार कसा, बाद. ६एसएल७ला म्यू ७० पण करंट अडीच मिलिअँपच्या आत, दोन्ही भाग समांतर जोडले तर विचार करता येईल. रशियन ६एस४५पी एकटाच सगळं काम करू शकतो पण इतका चपळ की वायरिंगमधे जराशी ढिलाई झाली की ऑसिलेट करतो, काकांचं वायरिंग देखणं असलं तरी लांब होतं. वेस्टर्न इलेक्ट्रिकने स्वतः त्यांच्या ९१ए नावाच्या सिनेमागृहाच्या अ‍ॅम्पमधे ३१०ए पेंटोड वापरले होते, ते आज मिळवायचे म्हणजे ३००बीपेक्षा तेच शोधत फिरायचं.

उरला ६एसएन७. म्यू २०, अंतर्गत रेझिस्टन्स ७.७ के, आणि कर्व्ह असे सरळ की फूटपट्टी ठेवावी. रशियन ६एन८एस म्हणजे जवळपास तोच, आणि तो सहज मिळतो. सप्लाय ४००, प्लेटला २२ के, आठ मिलिअँप, प्लेट २२४ व्होल्टवर, कॅथोडला ८२० ओम. सिग्नलला लोड २० के, छत आठ गुणिले वीस म्हणजे १६० व्होल्ट. हवेत ७४. दुपटीहून जास्त! गेन १४, आउटपुट इम्पिडन्स साडेपाच के, वरचा कट ऑफ ३०० किलोहर्ट्झच्याही पुढे, म्हणजे आता आउटपुट ट्रान्सफॉर्मर आधी थकेल, ड्रायव्हर नाही. ग्रिडला पाच व्होल्ट वरखाली आणि बायस सात, तिथेही जागा आहे. फक्त गेन १४ने दोन व्होल्टवर भागत नाही, ग्रिडला ५२ व्होल्ट आरएमएस लागतात म्हणजे ड्रायव्हरला साडेतीनच्या वर द्यायला हवेत. म्हणून त्याच बाटलीतला दुसरा अर्धा भाग पहिली स्टेज म्हणून, ४७ के, तीन मिलिअँप, कॅथोड दीड के बायपास न करता, गेन दहा.

कागदावर दहा मिनिटांत झालं, प्रत्यक्षात दोन रविवार गेले. ६एसएन७ आठ पिनांचा ऑक्टल, काकांच्या प्लेटला नऊ पिनांचं छोटं भोक, ते कानस आणि स्टेप ड्रिलने मोठं करताना काकांचा चेहरा बघवत नव्हता. मग हीटर. दोन ईसीसी८३ मिळून ०.६ अँपिअर खायचे, दोन ६एसएन७ खातात १.२, आणि ट्रान्सफॉर्मरचं ते वाइंडिंग एकच अँपिअरचं. पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून ६.३ व्होल्टचा दोन अँपिअरचा वेगळा ट्रान्सफॉर्मर नेला. एचटीचा, म्हणजे प्लेटच्या मोठ्या व्होल्टेजच्या सप्लायचा, करंटही पूर्वी ड्रायव्हरचा दोन मिलिअँप होता तो २२ झाला, ३००बीचे १२० धरून १४२, ट्रान्सफॉर्मर १५०चा, म्हणजे बसलं पण मांडी घालून नाही. आणि ४४० वरून ३००ला उतरवणारा जुना ६८ केचा रेझिस्टर काढून दर चॅनेलला ४.७ के लावला. हा जुनाच ठेवला असता तर नवीन व्हॉल्वला प्यायला पाणीच मिळालं नसतं, हा घोळ मी दुसऱ्या एका अ‍ॅम्पमधे स्वतः करून अर्धा दिवस डोकं खाजवलेलं आहे.

एक प्रसंग सांगायचा राहिला. मधे काका तपासायला म्हणून ३००बी काढून अ‍ॅम्प चालू करायला निघाले. थांबवलं. ३००बी हाच सप्लायवरचा मुख्य भार, तो काढला की ४४०चे भरभर वर जाणार आणि फिल्टर कपॅसिटर ४५०चे, आधीच काठावर उभे. ते नंतर ५००चे केले.

२२० केच्या ग्रिड रेझिस्टरला हात लावला नाही. ३००बीला सेल्फ बायसमधे २५० केपर्यंत चालतो, त्याच्या वर नेऊ नये, काही जण ड्रायव्हरला हलकं वाटावं म्हणून ४७० के लावतात आणि मग व्हॉल्व तापला की करंट सरकत जातो. कपलिंग कपॅसिटर ते महागवालेच ठेवले, ०.१ मायक्रोफॅरड, २२० केबरोबर खालचा कट ऑफ सात हर्ट्झला, त्यांची काहीच चूक नव्हती.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पुन्हा डमी लोड. साडेचार वॅट, वेव्ह स्वच्छ. सहा, स्वच्छ. साडेसातच्या पुढे डोकं चेपायला लागलं तेव्हा ग्रिडवर बघितलं, टोक ७३-७४ व्होल्ट. आता खरोखर ग्रिड करंट होता. काकांनी स्कोपच्या पडद्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हणजे मी पहिल्या दिवशी बरोबरच बोललो होतो, फक्त दोन आठवडे लवकर."

मग स्पीकर लावले, काकूंना बोलावलं. त्या पाच मिनिटं उभ्या राहून ऐकत होत्या, काही बोलल्या नाहीत, मग खुर्ची ओढून बसल्या. तेवढ्यावरून आम्ही समजून गेलो.

एक खोट आहे अजून. दोन स्टेज मिळून गेन १४०, म्हणजे ०.३७ व्होल्टला अ‍ॅम्प पूर्ण उघडतो आणि डॅक देतो दोन व्होल्ट, त्यामुळे व्हॉल्यूमचं बटण घड्याळाच्या आठ-नऊवरच राहायचं आणि तिथे पॉटचे (त्या बटणाखालचा कमी-जास्त होणारा रेझिस्टर) दोन्ही ट्रॅक सारखे चालत नाहीत, गाणं डावीकडे झुकायचं. पॉटच्या आधी दर चॅनेलला १०० केचा सिरीज रेझिस्टर घातला, आता दहावर येतं. काकांना ते बारावर हवंय, रोज संध्याकाळी फोन असतो. बेलचे ते दोन ईसीसी८३ त्यांनी रेकॉर्ड प्लेअरच्या फोनो प्रीअ‍ॅम्पसाठी बाजूला ठेवलेत, तिथे मिलिव्होल्टांचंच काम आहे, डायग्रॅम मला पाठवलाय, प्लेटला १०० के आणि कॅथोडला दीड के.